दातांतलं पाणी

माझ्या भुवाला कुणी अडाणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. तिच्यावर चिडायचा हक्क माझा आहे आणि तो मी पुरेपूर वापरलाय. बाकीच्यांनी गप्प बसावं. ती अडाणी नव्हती. तिनं माझं बोलणं नीट ऐकलं, एवढंच झालं. माझ्या पीएचडीच्या सरांनीसुद्धा इतकं नीट कधी ऐकलं नसेल, आणि त्यातच माझं वाटोळं झालं.

भुवा म्हणजे वडिलांची थोरली बहीण, रुक्मिणीबाई. आम्ही मारवाडी जैन. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. माझे वडील सुवालाल यांची आळेफाट्याला कांद्याची अडत, आणि दुकानाच्या वर आमचं घर. भुवा ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली ती कायमचीच. माझी आई मी लहान असताना गेली, त्यामुळे वेणीपासून अभ्यासापर्यंत माझं सगळं भुवानंच बघितलं. पप्पा मला सिद्धी म्हणायचे, ती सिद्धीबाई म्हणायची.

तिचा सगळा जीव पाण्यात. जैनांच्या घरात पाणी गाळून पितात हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाळून झालं की बाकीच्यांचं काम संपतं, भुवाचं तिथून सुरू व्हायचं. फडक्यात डोळ्यांना न दिसणारे जे जीव राहतात त्याला जिवाणी म्हणतात. फडकं हलक्या हातानं पाण्यात खळबळायचं आणि जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत नेऊन सोडायची. विहिरीची विहिरीत, नदीची नदीत. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. वरून ओतायचीही नाही, पडून मरतात. तिच्याकडे त्यासाठी एक पितळी बादली होती, तिच्या बुडालाही कडी होती आणि त्या कडीला वेगळी दोरी. बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, मग बुडाची दोरी ओढून अलगद पालथी करायची.

घरात नळ आला तशी तिची पंचाईत झाली. नळाला कधी विहिरीचं पाणी, कधी कालव्याचं. मग ती रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या सावळेरामला खिडकीतून विचारायची, "आज कुठलं सोडलंय रं?" तो खालून ओरडायचा, "आज कालव्याचं हाय, बाई." त्याप्रमाणे कुठं जायचं ते ठरायचं. मी एकदा म्हटलं, "अगं, टाकीत पावडर टाकतात ते लोक, तुझे जीव तिथंच मरतात." त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता दातांचं सांगते.

मी पुण्यात भूशास्त्र शिकले आणि पीएचडीला नाव घातलं. पप्पांना हे पटलेलं नव्हतं, पण भुवा पाठीशी होती. माझ्या मनात एकच प्रश्न होता. आमच्या कुकडीच्या काठात एक पांढरा थर दिसतो, तो फार लांबच्या ज्वालामुखीची राख आहे. ती राख इथं पडली त्याच्या आधी ही नदी कशी होती? वाहत होती, की नुसती डबकी होती? दगड बघून हे नीट सांगता येत नाही. मला ते दातांतून काढायचं होतं.

पण दात मिळायला हवेत ना. दोन वर्षं मी काठ तुडवले आणि हाडांच्या चार बिनकामी चुऱ्यांपलीकडे काही हाती आलं नाही. मग एक दिवस भिमाजीभाऊ कांदा घेऊन अडतीवर आले. त्यांचं रान नदीला लागून. लिफ्टच्या मोटरीसाठी जॅकवेलचा खड्डा घेताना त्यांना राखेच्या खालच्या मातीत काहीतरी लागलं होतं. गोणपाटाचं गाठोडं त्यांनी पप्पांच्या गादीवर ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, तुमची सिद्धीताई दगडं गोळा करती ना? हे बगा, राक्षसाचं दात."

पाणघोड्याचे दात होते ते, पाच; फार पूर्वी आपल्याकडेही पाणघोडे होते. मुठीएवढाले, काळपट, दगड झालेले, पण वरचं चकचकीत कवच शाबूत. मी ते बघून दुकानातच रडले. हमाल माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पळत रानात गेले तर खड्ड्यात काँक्रीट ओतून झालं होतं आणि भोवतीचा काठ जेसीबीनं सपाट केला होता. भिमाजीभाऊंवर काय चिडणार? त्यांना पाणी हवं होतं. म्हणजे त्या राखेखालचे असे दात जगात होते ते हे पाचच. दात आहेत तर प्रबंध आहे, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब होता.

पप्पांना आमच्या जैन स्थानकाची, म्हणजे प्रार्थनेच्या जागेची, काळजी. म्हणाले, "घरात हाडं न्हाई चालायची. स्थानकात कळलं तर लोक काय म्हनतील?"

भुवा मूग निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दगड झालाय त्यो, सुवा. अन् तू जन्मभर कांद्याच्या गोण्यांवर लोळतोस, तवा कुठं जातं तुझं स्थानक?"

दात घरात राहिले. पुण्यात ठेवायची सोय नव्हती. विभागातलं कपाट कधी बंद नसायचं, माझा एक नमुना कुणीतरी पेपरवेट म्हणून वापरत होतं. मी घरी एका स्टीलच्या डब्यात कापसात दात ठेवले आणि डबा माळ्यावर सारला.

दातांची मोजणी करायचं यंत्र दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेत होतं. तिथं नंबर लागता लागता दोन हजार तीनचा उन्हाळा उजाडला. सर आधीच वैतागले होते. म्हणाले, "आता ही तारीख चुकली तर मी काही करू शकत नाही. नोंदणीची मुदत संपतेय." मी म्हटलं, चुकतेय कशाला? दात माझ्या माळ्यावर आहेत.

जायच्या आधीच्या महिन्यात मी घरी होते. उन्हाळा भयंकर. टँकर सुरू झाले होते, कुकडीचं पात्र कोरडं ठणठणीत. दुपारी मी डबा खाली काढला, दात फरशीवर मांडले आणि भुवानं विचारलं, "ह्यातनं तुला नदी कशी गं कळनार?"

कुणी विचारलं की मी सुटतेच. मी सांगितलं, जनावर पाणी पितं, त्या पाण्यातून दात घडतो. दात थराथरानं वाढतो. पाण्यात एक हलका भाग असतो, एक जड. ऊन लागलं की हलका आधी उडतो, जड मागं राहतो. त्यामुळे वाहत्या नदीचं पाणी वेगळं आणि आटत्या डबक्याचं वेगळं. जनावर मेलं, नदी बदलली, सगळं गेलं, तरी त्या दिवशीचं पाणी दातात राहतं.

"म्हंजे त्यांचं पानी अजून ह्याच्यात हाय?"

"हो."

"खरं पानी?"

आता ऑक्सिजन, फॉस्फेट, त्यांचे बंध, हे मी तिला कुठून कुठपर्यंत सांगणार होते? विद्यापीठातल्या भाषणातसुद्धा आम्ही असंच बोलतो. मी म्हटलं, "हो भुवा, खरं पाणी."

तिनं एक दात उचलून हातात धरला. लहान मूल धरावं तसा. "किती वर्सं झाली ह्याला?"

"हजारो."

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग जरा वेळानं, "अन् तू त्या पान्याचं काय करनार?"

मी उत्साहात होते. सगळं सांगितलं. कवच मशीननं घासायचं, पूड करायची, पूड ॲसिडात घालायची, मग भट्टीत तापवायची, त्याचा वायू होतो आणि तो यंत्रात सोडायचा. हे सांगताना तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मी दात परत कापसात भरत होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात पाण्यात जीव असतात एवढंच मानत नाहीत, पाणी हाच जीव मानतात. भुवासाठी मी त्या दुपारी काय बोलले ते आता तुमचं तुम्हीच समजा.

मी पुण्याला गेले, तिकिटं काढली, दात ठेवायला जाड फोमची पेटी करून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी घरी आले. माळ्यावरून डबा काढला तर हलका लागला. उघडला. कापूस होता, नीट घडी घालून ठेवलेला.

"भुवा, दात कुठंयत?"

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा इतका शांत होता की मला वाटलं, हिनं नीट जपून दुसरीकडे ठेवलेत.

"पोचवून आले," ती म्हणाली. "कुकडीत. जितले व्हते तितंच."

मला कळेना. मी परत विचारलं. तिनं सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. तिला वाटत होतं मला बरं वाटेल. मी गेल्यापासून तिला झोप नव्हती. इतकी वर्षं ते पाणी आपल्या पाण्यापासून तुटून अडकलेलं, आणि आता त्याला तेजाबात घालून जाळणार. ते पाप माझ्या डोक्यावर बसू नये म्हणून तिनं ठरवलं. पण नदी कोरडी, कोरड्यात कसं सोडायचं? म्हणून ती धरणातून पाण्याचं आवर्तन सुटायची वाट बघत बसली. सावळेरामला रोज विचारायची. कालव्यात, नदीत पाणी आलं तशी एकटी वडापच्या जीपमध्ये बसून भिमाजीभाऊंच्या वस्तीवर गेली आणि त्यांना म्हणाली, नदीत कधी न आटणारी जागा दाखवा.

"बंधाऱ्याखालचा डोह दावला त्यांनी. दुष्काळात बी आटत न्हाई म्हने. बादलीतनं एकेक सोडला मी, सिद्धीबाई. एक बी आपटला न्हाई."

मी काय काय बोलले ते सगळं आठवतं मला. तू माझं वाटोळं केलंस म्हणाले. तुझ्या त्या फडक्यानं, तुझ्या बादलीनं माझा जन्म बुडवलास म्हणाले. दगड होते ते, दगड, त्यात थेंबभर पाणी नव्हतं, असं ओरडले. पप्पा जिन्यातून धावत वर आले. भुवा भिंतीला टेकून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "पन तूच म्हनालीस ना, खरं पानी?"

मी तशीच एसटीनं आणि पुढं पायी भिमाजीभाऊंकडे गेले. ते मोटरीजवळ होते. मला बघून हसले, मग माझं तोंड बघून थांबले.

"ताई, मला वाटलं तुमीच पाठिवलंय. त्या म्हनल्या, सिद्धीच्या दातांचं काम हाय."

"डोह किती खोल आहे?"

"कुनाला ठावं? माजा आजा सांगायचा, दोन बाजंच्या दोऱ्या बांदून सोडल्या तरी तळ लागला न्हाई. अन् आता निसता गाळ हाय त्यात."

बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्या होत्या. आवर्तनाचं गढूळ पाणी धो धो डोहात कोसळत होतं. मी काठावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुकडीचा राग आला.

प्रयोगशाळेची तारीख गेली. आवर्तन थांबल्यावर भिमाजीभाऊंनी भावकीतले पोहणारे गडी गोळा केले. गळ टाकले, जाळी ओढली, बुड्या मारून मुठी मुठी गाळ वर आणला. प्रत्येक मुठीवर मी झडप घालायचे. काळे दगड निघायचे, शंख निघायचे, बाटल्या, फुटकी खापरं. एकदा एक काळा गोटा इतका दातासारखा होता की मी तो धुऊन, घासून, उन्हात धरून बघितला. नुसता दगड होता. गडी आठवडाभर आले, मग त्यांची कांदा भरायची कामं निघाली. भिमाजीभाऊ म्हणाले, "ताई, आता ऱ्हाऊ द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक त्यांची नव्हती. चूक कुणाचीच नव्हती, आणि नेमकं हेच मला सहन होत नव्हतं. कुणाची तरी असती तर त्याची मानगूट धरता आली असती.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तो चाचणीचा कपचा पडलाय ना तिकडे?" नंबर लावताना एका दाताचा नखाएवढा तुकडा मी तिथं नमुना म्हणून पाठवला होता. "तेवढा तरी करून घेतो. पण आशा ठेवू नकोस. एका कपच्यावर प्रबंध होत नाही."

मी ठेवली आशा. माणूस ठेवतोच.

घरात मी भुवाशी बोलत नव्हते. ती माझं ताट वाढायची, मी जेवायचे आणि उठायचे. सकाळी ती खिडकीशी जायचीही थांबली. सावळेराम खालून आपणहून सांगायचा, "बाई, आज विहिरीचं," आणि वरून उत्तर यायचं नाही. चातुर्मास लागला आणि तिनं अठ्ठाई धरली, आठ दिवसांचा उपवास. अन्न बंद, फक्त उकळलेलं पाणी. दरवर्षी करणाऱ्या बायका आहेत आमच्यात, पण भुवा सत्तरीला आलेली. पप्पांनी हात जोडले. तिनं ऐकलं नाही. पाचव्या दिवसापासून पाणीही घेईना. डॉक्टर येऊन म्हणाले, किडन्या बसतील, समजवा तिला. पप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्याच दुपारी दुकानात माझ्यासाठी फोन आला. सर होते.

"आकडे आलेत," ते म्हणाले. "कपच्यात सलग तीन थर मिळाले. पहिल्यापेक्षा दुसरा जड, दुसऱ्यापेक्षा तिसरा. नदी नव्हती ती, सिद्धी. डबकं होतं साचलेलं, आणि आटत चाललेलं. त्या जनावरानं ते आटतानाच प्यायलंय. पाचही दात असते तर गं! पण हे छापता येणार नाही. एकच नमुना, आणि परत तपासायला काही उरलेलं नाही. मी तुझी नोंदणी बंद करायचं पत्र देतोय. वाईट वाटतंय मला."

मी रिसीव्हर ठेवला. समोर गोण्या उतरत होत्या. मला माझं उत्तर मिळालं होतं. कितीतरी वर्षं जे शोधत होते ते. आणि त्याचं काहीच करता येणार नव्हतं. आनंद नाही, रडू नाही, आत नुसतं कोरडं झालं. लाज नाही वाटत सांगायला, तेव्हा मला मरून जावंसं वाटलं.

वर गेले. भुवा चटईवर कुशीला होती. ओठांना भेगा पडलेल्या. मी कितीतरी दिवसांनी तिच्याजवळ बसले तर तिनं हात चाचपडत माझा हात धरला.

"फोन तुझा व्हता?"

"हो."

"त्या तुकड्याचं कळलं?"

पप्पांनी सांगितलं असणार. मी मान हलवली.

"सिद्धीबाई, तुझं नुकसान केलं मी. ते न्हाई फिटायचं, मला ठावं हाय." तिला बोलताना धाप लागत होती. "पन एक सांग. त्या जिवांना तरी म्या त्यांच्या पान्यात पोचवलं ना? का तितं बी चुकले? वाहतं व्हतं ना त्यांचं पानी? कुकडीचंच व्हतं ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सरांनी नव्हतं विचारलं, पप्पांनी नव्हतं, स्थानकातल्या कुणी कधी विचारलं नाही. माझ्या संशोधनात काय निघालं हे जगात एकट्या तिला जाणून घ्यायचं होतं. आणि मला ते माहीत होतं, अगदी आकड्यांसकट. त्यांचं पाणी जगात कुठंच उरलेलं नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोर आटलं आणि ती जनावरं त्यातच उभी राहिली.

"वाहतं होतं, भुवा," मी म्हटलं. "भरपूर होतं. कुकडीचंच."

तिनं डोळे मिटले. मी उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतलं, तिचं डोकं उचललं, आणि ती घोट घोट प्यायली.

माझ्या सगळ्या अभ्यासातला एवढाच निष्कर्ष मी कुणाला सांगितला. तो खोटा होता.